शेवटची पोळी कुणाची

लोक मला विचारतात, राणेमावशी, एवढे देश फिरलात, काय काय पाहिलंत? मी म्हणते, मागची दारं पाहिली. खोटं नाही सांगत. टूरची माणसं पुढच्या दाराने बर्फ बघायला जायची आणि मी हॉटेलच्या मागच्या दाराने कांद्याची गोण आत ओढत असायची. मागच्या दाराशी काय असतं? कचऱ्याचे डबे, विडी-सिगारेट ओढत उभा असलेला भांडीवाला, आणि कुत्रं. कुठे असतं, कुठे नसतं, आणि कुठे असतं पण आपल्याकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही.

या अंकासाठी मला सांगितलं होतं, परदेशातल्या स्वयंपाकाच्या गमती लिहा. लिहायला बसले तर डोळ्यांपुढे कुत्रीच यायला लागली. त्याला कारण आमचा बाबल्या. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमची चार मजली सोसायटी होती, तिथला हा कुत्रा. कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो आणि तो तिथेच राहिला, प्लॉटभोवतीच्या पत्र्यांशी. नव्या बिल्डिंगीत त्याला जागा मिळावी म्हणून मी खूप धडपडले. त्या धडपडीचं काय झालं ते सांगायचंय. पण आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, एका रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ही बाई पानं का भरतेय.

मी देवगडकडची. शाळा सातवीपर्यंत. मिस्टर गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. मी पार्ल्यात घरोघरी पोळ्या लाटायला जायची. आमच्याकडे चपाती म्हणतात, पण ज्या शब्दाने पगार मिळाला तोच आता तोंडात बसलाय. त्यातल्या एका घरातला केतन पुढे एका छोट्या टूर कंपनीत टूर मॅनेजर झाला. मिस्टर गेले त्या वर्षी त्या कंपनीचा आचारी ऐन वेळी काम सोडून गेला. केतन घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, पासपोर्ट काढा." मला वाटलं मस्करी करतोय.

आपल्या माणसांना परदेशात सगळं चालतं, फक्त जेवण चालत नाही. तीन दिवस ब्रेड खाल्ला की चौथ्या दिवशी भांडणं सुरू होतात. म्हणून टूरबरोबर स्वयंपाकीण न्यायची. चाळीस माणसांचा कुकर, परात, लाटणं, मसाल्याच्या पिशव्या, सगळं आमच्याबरोबर विमानात. भाजी तिथल्या बाजारात घ्यायची. हॉटेलवाले त्यांच्या मुदपाकखान्यातला एक कोपरा देतात, तोही दुपारी, त्यांची भांडी घासून होईपर्यंत. तेवढ्यात वरण, भात, भाजी आणि पोळ्या. फोडणी मात्र तिथे करायची नाही. एकदा मी केली होती. मोहरी तडतडली, धूर वर गेला, छतावरचं यंत्र कोकलायला लागलं आणि अख्खं हॉटेल टॉवेल गुंडाळून रस्त्यावर आलं. तेव्हापासून मी फोडणी बोरीवलीहून बाटलीत करून न्यायची. याला आमच्या धंद्यात कुणी हसत नाही.

आता शेवटची पोळी. माझ्या सासूबाईंचा नियम होता, पीठ संपत आलं की शेवटचा लहान गोळा तोडायचा आणि त्याची पोळी कुत्र्याला घालायची. घरात खायला कमी असलं तरी. त्या म्हणायच्या, "तेका कोण नाय, म्हणान तेका पयलो हक्क." माझ्या हाताला ती सवय इतकी लागली की विचार करावा लागत नाही. हात आपोआप शेवटचा गोळा छोटा तोडतो. बोरीवलीत ती पोळी बाबल्याची. परदेशात कुणाची, हा प्रश्न मला पहिल्याच टूरला पडला.

ती टूर स्वित्झर्लंडची. डोंगरातलं गाव, खिडकीखिडकीत फुलं. मी पोळी हातात घेऊन मागच्या दाराशी उभी, आणि कुत्रं नाही. रस्ता धुतल्यासारखा. शेवटी एक आलं, पिवळसर सोनेरी, केस विंचरलेले, गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला पितळेची पट्टी. इतकं देखणं की माझ्या तोंडून "या" असं बहुवचन निघालं. मी पोळी पुढे केली, त्याने वास घेतला आणि खाल्ली. तेवढ्यात त्याची मालकीण आली. ती ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने केतनला बोलावून शांतपणे विचारलं, यात काय काय आहे, मीठ किती, तेल कुठलं, आणि या बाईंनी मला न विचारता का दिलं. केतनचा चेहरा पडला. मला म्हणाला, इथे कुत्रा मालकाच्याच हातचं खातो, दुसऱ्याने द्यायचं नसतं. मी म्हटलं, आणि मालक नसला तर? तो म्हणाला, मावशी, इथे मालक नसलेला कुत्रा नसतो.

मला ते कितीतरी दिवस खरंच वाटेना. मालक नसलेला कुत्रा नाही, म्हणजे मग शेवटची पोळी कुणाला घालायची?

त्या टूरवर पार्ल्याचे एक काका होते. विम्याच्या कंपनीतून रिटायर झालेले. मुंबईत कुत्र्यांच्या भीतीने छत्री घेतल्याशिवाय दूध आणायला न जाणारे. तिथे आगगाडीत एक कुत्रा तिकीट काढून बसला होता, त्याच्याशेजारी हे जाऊन बसले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, फोटो काढून घेतला. मला म्हणतात कसे, ही शिकलेली कुत्री आहेत हो राणेबाई, आपल्यासारखी नाहीत. मी म्हटलं, काका, याला घर आहे, जेवण आहे, डॉक्टर आहे. आपल्या कुत्र्याला द्या एवढं, तोही तिकीट काढेल. माणसं हसली. काका नाही हसले. परत आल्यावर त्यांनी मला एक दिवाळीचं भेटकार्ड पाठवलं होतं, त्यावर तोच कुत्र्याबरोबरचा फोटो.

निघताना मी स्टेशनवरच्या दुकानातून तसाच एक लाल पट्टा घेतला. बाबल्यासाठी. घरी आणला आणि कपाटात ठेवून दिला. आमच्या सोसायटीत बाबल्याला पट्टा घातला असता तर लोक खोखो हसले असते.

कारण बाबल्या कसा, ते सांगते. मिस्टर गेले त्या वर्षी पाण्याच्या टाकीखाली कुत्रीची पिल्लं होती. बिबळ्या आला आणि त्यांच्या आईला घेऊन गेला. आमच्या बाजूला हे चालतं, सकाळी कुत्री मोजायची आणि गप्प बसायचं. पिल्लांतलं एकच जगलं. काळं, पोटावर पांढरा ठिपका. मी त्याला बाबल्या म्हणायची. तळमजल्यावरच्या शहाबेन रामू म्हणायच्या, सोसायटीतली मुलं रॉकी म्हणायची, आणि आमचा वॉचमन दुबे त्याला कालिया म्हणायचा. चारही नावांना तो यायचा. मनपाच्या माणसांनी त्याचं ऑपरेशन करून कानाला खाच पाडून परत सोडला होता, तेवढाच काय तो सरकारी कागद त्याच्या अंगावर. मी टूरवर असले की शहाबेन थेपला द्यायच्या, दुबे रोटी द्यायचा, मुलं बिस्किटं. परत आले की तो दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी पोळीला यायचा. मला एकदाही काळजी करावी लागली नाही. हे लक्षात ठेवा.

एकदा न्यूझीलंडला विमानतळावर माझ्या बॅगेशी एक लहानसं कुत्रं येऊन बसलं. निळं जाकीट घातलेलं, लांब कानाचं. हुंगलं आणि गप बसलं, माझ्या तोंडाकडे बघत. अगदी बाबल्यासारखं. मी म्हटलं, बस बाबा, पोळी करायला घेते तेव्हा देईन. मागून केतनने माझी बाही ओढली. ते कुत्रं सरकारी नोकर होतं आणि त्याचं बसणं म्हणजे आरोप होता. बॅगेत मी स्वतःपुरता जवळा नेला होता. महिनाभर वरणभात करून करून जीव विटतो हो, रात्री खोलीत थोडा जवळा भाताबरोबर खाल्ला की मी माणसात यायची. अधिकाऱ्याने पुडी उघडली आणि सगळ्या रांगेला वास गेला. ग्रुपमधले अर्धे लोक जैन आणि वैष्णव. केतनला इंग्रजीत सांगावं लागलं की हे वाळवलेले मासे आहेत, आणि तो इतक्या हळू बोलला तरी घाटकोपरच्या एका भाईंना ऐकू गेलं. जवळा कचऱ्यात गेला. भाई पुढे रोज पानावर बसायच्या आधी विचारायचे, मावशी, चमचो जुदो छे ने? जुदो, म्हणजे वेगळाच होता, पहिल्यापासून होता. पण मला राग त्या कुत्र्याचा आला नाही. त्याला शाबासकी म्हणून त्याच्या माणसाने खिशातून काहीतरी काढून भरवलं. पुन्हा तेच. आपल्याच माणसाच्या हातचं.

नेपाळला आम्ही दिवाळीत होतो. तिथे दिवाळीतला एक दिवस कुत्र्यांचा असतो. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिळा, पुढ्यात गोडधोड. मी रडले त्या दिवशी. मला वाटलं, सासूबाई इथे असत्या तर. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बसच्या चाकाशी एक म्हातारं कुत्रं झोपलं होतं, गळ्यात कालचीच माळ, कोमेजलेली. ड्रायव्हरने त्याला बुटाने बाजूला सारलं. माळ तुटली. आमची माणसं बसमध्ये बसून कालचे फोटो एकमेकांना दाखवत होती.

आणि इस्तंबूल. ते गाव मला आवडलं होतं. बाजाराच्या रस्त्यावर, ट्रामच्या रुळांशेजारी, वासराएवढी कुत्री पसरलेली. कानाला बिल्ला. माणसं त्यांना वळसा घालून जातात, कुणी पायही आपटत नाही. आमच्या हॉटेलसमोर एक गालिचेवाला होता, त्याच्या दारात असंच एक बदामी रंगाचं धूड झोपायचं. मी शेवटची पोळी नेली तर त्याने एक डोळा उघडला, पोळीचा वास घेतला आणि परत झोपलं. पोट भरलेलं. केतनला मी विचारायला लावलं की हा कुणाचा. गालिचेवाला हसला आणि हाताने सगळा रस्ता दाखवला. या रस्त्याचा. मला इतकं हायसं वाटलं काय सांगू. एवढ्या लांब येऊन कुणीतरी आपल्या भाषेत बोललं. मी मोबाईलमधला बाबल्याचा फोटो काढून दाखवला. त्याने बघितला, फोटोतल्या बाबल्याच्या कानाच्या खाचेवर बोट ठेवलं आणि मग आपल्या दारातल्या कुत्र्याच्या कानाचा बिल्ला दाखवला, म्हणजे दोघांची खूण एकच. आणि मला चहा पाजला.

काही वर्षांनी तिथे परत गेले. गालिचेवाला होता, दार होतं, पायरीपाशी जागा मोकळी होती. मी कुत्र्याएवढी उंची हाताने दाखवली. त्याने मान हलवली. केतनने विचारून सांगितलं, आता नेतात म्हणाला, नियम बदललेत. कुठे नेतात? ते त्याला माहीत नव्हतं. मी पोळी रुमालात गुंडाळून परत खोलीवर आणली. दुसऱ्या दिवशी ती कडक झाली होती. मी स्वतःच खाल्ली.

त्यानंतर माझे गुडघे बोलायला लागले आणि मी काम सोडलं. घरी बसले आणि त्याच सुमारास सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं.

मीटिंगला बिल्डरचा एक तरुण माणूस आला होता. त्याने सगळ्यांना गुळगुळीत कागदाची पुस्तिका वाटली. जलतरण तलाव, व्यायामशाळा, आणि एका पानावर हिरवळीवर एक बाई आणि तिच्या शेजारी कुत्रा. मी चष्मा लावून बघितलं. तोच. पिवळसर सोनेरी, लाल पट्टा. स्वित्झर्लंडचा माझा पाहुणा बोरीवलीत राहायला येणार होता. खाली लिहिलं होतं, पेट पार्क. मी उभी राहून विचारलं, मग आमच्या बाबल्याला कुठला मजला? सगळे हसले. त्या मुलाने मात्र नीट उत्तर दिलं. म्हणाला, आजी, नोंदणी केलेल्या पाळीव प्राण्यांना परवानगी आहे, मालकाचं नाव लागतं. मी सेक्रेटरी सावंतांकडे बघितलं. सावंत आमच्याच बाजूचे, कणकवलीचे. ते म्हणाले, "मावशी, तो सोसायटीचो कुत्रो. आता सोसायटीच ऱ्हवली नाय, प्लॉट ऱ्हवलो."

घरं रिकामी झाली. दुबेची नोकरी गेली, तो गावाला गेला. जाताना कालियाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. मुलं तीन दिशांना गेली. शहाबेन समोरच्याच गल्लीत भाड्याने राहिल्या. मी आणि माझा मुलगा प्रशांत दहिसरला, एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर.

बाबल्याला मी बरोबर नेलं. तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला, चौथ्याने सीटवर गोणपाट घालून घेतलं. पण लिफ्टचं दार बंद झालं आणि त्याने जो आवाज काढला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. घरात आल्यावर दाराच्या कोपऱ्यात बसला. पाणी नाही, पोळी नाही. जमिनीवर पाय ठेवायला घाबरायचा, लादी त्याच्या पायाला गुळगुळीत लागायची. बारा वर्षं मातीत काढलेला जीव. प्रशांत म्हणाला, आई, त्याला त्रास होतोय गं, तुलाही होतोय. मी म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दिवशी खाली फिरवायला नेला तर हातातली दोरी ओढून गेला. आम्ही दहिसरभर शोधत होतो आणि संध्याकाळी शहाबेनचा फोन आला. "राणेबेन, रामू तर इथे आहे, पत्र्याजवळ." हायवे ओलांडून, म्हातारा कुत्रा, चालत आपल्या घरी गेला होता. घर नव्हतं, तरी घरी गेला होता.

मग मी ठरवलं. बिल्डिंग होईपर्यंत त्याने तिथेच राहावं, आणि बिल्डिंग झाली की माझा म्हणून आत यावं. म्हणजे आधी तो माझा व्हायला हवा, कागदावर. प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेला, त्यांच्याच माणसाच्या गाडीतून. लस टोचली, कार्ड केलं. कार्डावर नाव विचारलं. चार नावांतलं एक लिहायचं होतं. बाबल्या राणे, असं मी सांगितलं आणि मला शहाबेनची लाज वाटली. तिथल्या मुलीने सांगितलं, आजी, गळ्यात पट्टा घाला, हल्ली गाड्या फिरतात, पट्टा असला की उचलत नाहीत. मला इस्तंबूलची ती मोकळी पायरी आठवली. घरी येऊन कपाट उघडलं. लाल पट्टा इतकी वर्षं कागदातच होता. दुसऱ्या दिवशी पत्र्याशी जाऊन मी तो त्याच्या गळ्यात घातला. त्याने मान झाडली, पायाने खाजवलं, मग सोडून दिलं. सोनाराच्या दुकानाबाहेर एकजण पितळेवर नाव कोरून देतो, त्याच्याकडून पट्टी करून घेतली. बाबल्या, आणि खाली माझा नंबर. मी त्याला लांबून बघितला. म्हातारा, काळा, आणि गळ्यात तो परदेशी लाल पट्टा. देखणा दिसत होता हो.

मी दहिसरहून एक दिवसाआड बसने पोळी घेऊन जायची. पत्र्याखाली फट होती, तिथून तो तोंड बाहेर काढायचा. साइटवरचे मजूर, त्यांच्या बायका, गेटवरचा नवा वॉचमन, सगळे त्याला भात-रोटी घालायचे. मी बघितलं होतं. एक बाई तर स्वतःच्या पोरांच्या ताटातलं काढून घालायची. शहाबेन थेपला आणायच्या. जागा गेली तरी पद्धत गेली नाही, असं मी प्रशांतला सांगायची. मला बरं वाटायचं.

पट्टा घातल्यावर थोड्याच दिवसांत मला चिकुनगुनिया झाला. ताप उतरला पण सांधे असे धरले की लाटणं हातात धरवेना. शहाबेन मुलीच्या बाळंतपणाला बडोद्याला गेल्या होत्या. प्रशांत एकदा ऑफिसहून वाकडी वाट करून जाऊन आला, म्हणाला, दिसला गेटपाशी, झोपला होता. मी म्हटलं, जाऊ दे, तू धावपळ करू नकोस, तिथली माणसं देतात त्याला. मी निवांत पडून होते. खरंच सांगते, त्या आजारपणात एका गोष्टीची चिंता मला नव्हती, ती बाबल्याच्या जेवणाची.

उठून उभी राहिले आणि पोळी घेऊन गेले तेव्हा पावसाळा सरला होता. पत्र्याखालची फट सिमेंटने बुजवली होती, पाणी आत येतं म्हणून. पिशवीतून नेहमी न्यायची त्या लाटण्याने मी पत्र्यावर टकटक केलं. ती आमची खूण. कुणी आलं नाही. वॉचमनला विचारलं, कुत्ता किधर है? त्याने मला ओळखलं. तो उठून उभा राहिला. भला माणूस. म्हणाला, चला गया माताजी, बहुत दिन हो गया. बहुत कमजोर हो गया था. मी म्हटलं, कमजोर कसा झाला, तुम लोग खाना देते थे ना?

तो म्हणाला, "पहले देते थे। फिर गले में पट्टा आ गया, नाम आ गया। तो आपका हुआ ना माताजी। किसी के पालतू को खिलाओ तो झगड़ा होता है। हमने सोचा, मालिक खिलाएगा।"

मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले. त्याने पाणी आणून दिलं. त्याला एकदा असंच झालं होतं, कुठल्याशा टॉवरवर कामाला असताना त्याने कुणाच्या कुत्र्याला रोटी दिली आणि मॅडमनी नोकरी घालवली होती. ते त्याने मला सांगितलं, आणि मला त्या स्वित्झर्लंडच्या बाईचा शांत आवाज आठवला. यात काय काय आहे, आणि मला न विचारता का दिलं. पट्ट्यावर नंबर होता तर फोन का नाही केला, असं मी विचारलं. त्याने खाली बघितलं. म्हणाला, पढ़ना नहीं आता. ती मजूर बाई, जी ताटातलं काढून द्यायची, ती दुसऱ्या साइटवर गेली होती. मग मला कळलं, पट्ट्यामुळे त्याला कुणी उचलून नेलं नाही, हे खरं. आणि कुणी रोटीही घातली नाही, हेही खरं. तो तिथे गेटपाशी बसायचा, बस येते त्या रस्त्याकडे तोंड करून. एक दिवस नव्हता.

मी शोधलं. पार्कच्या भिंतीपर्यंत गेले, रिक्षा स्टँडवर विचारलं, डॉक्टरांकडे जाऊन कार्ड दाखवलं. शहाबेन बडोद्याहून परत आल्यावर त्यांनाही घेऊन फिरले. एकदा त्या म्हणाल्या, रामूला पट्टा कशाला हवा होता, राणेबेन? त्या टोचून नव्हत्या बोलल्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. फोन वाजला की अजून मी नंबर बघते. पण म्हातारा होता, उपाशी होता. गेला असणार.

बिल्डिंग वर चढतेय. सावंत सांगतात, पुढच्या दिवाळीला ताबा. मला सहाव्या मजल्यावरचं घर आहे, आणि त्याचं लसीचं कार्ड माझ्या फाइलमध्ये आहे, म्हणजे पेट पार्कमध्ये जायचा हक्कही आहे. केतनला कळलं तेव्हा तो आला होता. म्हणाला, मावशी, एक चांगलं पिल्लू आणून देतो. मी म्हटलं, नको रे बाबा.

इतक्या देशांत मी एकही दिवस चुकवला नाही. घ्यायला कुणी नसलं तरी शेवटची पोळी केली. आता मी पीठ मोजून मळते. प्रशांतच्या तीन, माझ्या दोन. हात अजून ऐकत नाही, शेवटी एक लहान गोळा तोडतोच. तो मी उचलते आणि आधीच्या गोळ्यात दाबून टाकते. पोळी थोडी जाड होते. ती प्रशांत खातो.